घटस्फोट झालेला, मृत्युपत्र नाही, घरावर कर्ज: गोव्यात ते घर कोणाचे?

ताई, तुमच्या प्रश्नातली हकिगत आधी थोडक्यात मांडतो, कारण उत्तर तिच्यातल्या तारखांवरच उभे आहे. १९९८ मध्ये फोंड्याला लग्न, सिव्हिल रजिस्ट्रारकडे रीतसर नोंद, लग्नाआधी कोणताही करार नाही. २०११ मध्ये पतीच्या एकट्याच्या नावावर प्लॉट, २०१२ मध्ये गृहकर्ज काढून घर, कर्जाच्या कागदांवर सह्या दोघांच्या. २०१९ मध्ये घटस्फोट. तुम्हाला एकरकमी पोटगी मिळाली, घराविषयी निकालपत्रात एक अक्षर नाही. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. गेल्या वर्षी ते वारले, मृत्युपत्र नाही. मुलगी चोवीस वर्षांची, मडगावात दिलेली. मुलगा सोळाचा, तुमच्याजवळ. घरात सासूबाई राहतात. कर्जाचे साधारण ११ लाख बाकी, दोन हप्ते थकले आणि बँकेचे पत्र आले. दीर म्हणतात, ‘घटस्फोटितेचा आता काही संबंध नाही, घर आईचे आणि मुलांचे, बँकेचे काय ते तुम्ही बघा.’

दिरांच्या या वाक्यात थोडे खरे आहे. घटस्फोटित पत्नी वारस नसते, हे खरे. पण घर ‘आईचे’ हे चूक, आणि तुमचा संबंध नाही हे तर साफच चूक.

अशा प्रकरणात लोक पहिला प्रश्न विचारतात तो ‘वारस कोण?’ गोव्यात तो दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा, की मेलेल्या माणसाचे मुळात किती होते? १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून इथे लागू आहे आणि नवरा-बायकोच्या मालमत्तेबाबत आजही तीच चालते. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर लग्न आपोआप ‘कम्युनियन ऑफ ॲसेट्स’मध्ये होते. लग्नापूर्वीचे, लग्नानंतर कमावलेले, वारशाने आलेले, सगळे दोघांचे सामाईक आणि प्रत्येकाचा त्यात अर्धा वाटा. कचेरीत आपण त्याला मोइटी म्हणतो. सातबारासारखा आपल्याकडचा फॉर्म एक व चौदा कोणाच्या नावावर आहे, विक्रीखतात कोणाचे नाव आहे, हप्ते कोणाच्या पगारातून गेले, याने मोइटीला काही फरक पडत नाही. गोव्यातले कुठलेही जुने खरेदीखत काढून बघा, विकणाऱ्यापुढे ‘व त्यांची पत्नी’ असतेच. तिची सही नसेल तर वकील व्यवहाराला हात लावत नाही. बँकेने २०१२ मध्ये तुमची सही घेतली ती याच कारणाने.

म्हणून २०१२ मध्ये ते घर उभे राहिले तेव्हाच त्यातला अर्धा भाग तुमचा झाला. घटस्फोटाने लग्न संपले आणि त्यापुढची भर थांबली. आधी जमा झालेल्याची वाटणी मात्र कोणीतरी करून घ्यावी लागते, आणि तुमच्या प्रकरणात ती झालीच नाही. २०१९ पासून ते वारेपर्यंत तुम्ही दोघे त्या घराचे सहमालक होता. वारसा उघडला तो फक्त त्यांच्या अर्ध्यावर. तुम्ही तुमचा अर्धा हिस्सा वारशाने मागत नाही आहात, तो आधीपासून तुमचा आहे. कुठल्याही कागदावर सही करण्याआधी हे वाक्य वाचून घ्या, कारण पुढे जे मसुदे तुमच्यासमोर येतील त्यांत तुम्हाला ‘मयताची घटस्फोटित पत्नी, हक्क नाही’ असे एका ओळीत उडवलेले असेल.

पोटगीचा मुद्दा दीर नक्की काढतील. पोटगी ही चरितार्थासाठी असते, ती घेतली म्हणजे मोइटी सोडली असे होत नाही. स्थावर मालमत्तेतला हक्क तोंडी सुटत नाही. मात्र घटस्फोटाच्या वेळी तुम्ही संमतीच्या अटींवर सही केली होती का, आणि त्यात ‘यापुढे कोणत्याही मालमत्तेवर दावा नाही’ असे काही आहे का, ते बघायला हवे. तुम्ही निकालपत्र पाठवले आहे, अटी पाठवलेल्या नाहीत. न्यायालयातून संपूर्ण फायलीची प्रमाणित प्रत काढा. तसे वाक्य असेल तर माझ्या या उत्तराचा अर्धा भाग पुन्हा तपासावा लागेल. नसेल तर पाया पक्का आहे. तेवढ्यात सिव्हिल रजिस्ट्रारकडून लग्नाच्या नोंदीची ताजी प्रतही काढा. करार नव्हता हे त्यावरून दिसते, आणि घटस्फोटाची नोंद तिथे झाली आहे की नाही तेही कळते.

अजून एक पुरावा बहुतेकांच्या घरात असतो आणि कोणाला आठवत नाही. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम ५अ खाली गोव्यातल्या जोडप्यांचे पगार सोडून इतर उत्पन्न दोघांत निम्मे विभागून दाखवायचे असते. घराची एखादी खोली भाड्याने दिली असेल आणि त्यांच्या विवरणपत्रात ते भाडे तुमच्या नावाने अर्धे दाखवले असेल, तर त्यांनी स्वतःच तुमची मोइटी मान्य केल्याचा तो कागद आहे.

आता त्यांचा अर्धा. इथे २०१२ चा गोवा वारसा, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कायदा लागतो, तो २०१६ मध्ये अमलात आला. हिंदू वारसा कायदा १९५६ गोव्यात लागू नाही, आणि गोंधळ नेमका याच ठिकाणी होतो. सावंतवाडीचा किंवा बेळगावचा कोणी जाणकार नातेवाईक तुम्हाला सांगेल की आई पहिल्या वर्गाची वारस, तिला मुलांइतकाच हिस्सा. सावंतवाडीत ते बरोबर आहे. फोंड्यात नाही. आपल्याकडे क्रम असा: आधी मुले-नातवंडे, ती नसतील तर आई-वडील, तेही नसतील तर भावंडे आणि त्यांची मुले, आणि त्याच्याही नंतर हयात जोडीदार. वरची पायरी भरलेली असली की खालचीला काही जात नाही. मुले आहेत, म्हणून सासूबाई वारस नाहीत आणि दीर तर नाहीतच. बाहेरच्या लोकांना हयात पत्नी इतकी खाली बघून धक्का बसतो. पण तिने अर्धे आधीच घेतलेले असते, हे लक्षात घेतले की क्रम समजतो.

मुलगा-मुलगी यांत भेद नाही, मुलगी लग्न होऊन गेली याने काही कमी होत नाही. म्हणजे संपूर्ण घराचा अर्धा तुमचा, पाव मुलीचा, पाव मुलाचा. मुलीचे लग्नही कम्युनियनमध्ये असेल तर तिच्या पाव हिश्शात जावईबापू अर्ध्याचे धनी आहेत आणि पुढच्या प्रत्येक दस्तावर त्यांची सही लागेल. त्यांना आजच विश्वासात घ्या. चवथीला सगळे जमले की कोणीतरी कागद पुढे करतो आणि ‘सही कर, मग बघू’ म्हणतो, तेव्हा जावई अंधारात असेल तर गोष्ट बिघडते.

मुलगी म्हणते की ती हिस्सा आईला सोडून देईल. मन चांगले आहे, पण रीत चुकेल. विशेष नोटरीपुढे, म्हणजे सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत, वारशाचा त्याग केला की तो हिस्सा उरलेल्या वारसांकडे जातो. उरलेला वारस म्हणजे तुमचा मुलगा. तुम्ही वारस नाही, त्यामुळे तुमच्याकडे त्यातले काही येणार नाही. तिला खरोखर तुम्हालाच द्यायचे असेल तर तो वेगळा बक्षीसपत्राचा दस्त, पतीच्या सहीसह. आणि माझे मत विचाराल तर आत्ता तिने काहीच सोडू नये. कर्ज, वाटणी आणि धाकट्याचे शिक्षण मार्गी लागेपर्यंत तिचा पाव हिस्सा तिच्याजवळ असणे तुमच्याही फायद्याचे आहे.

बँकेकडे वळू, कारण तिथे वेळ थोडा आहे. तुम्ही सहकर्जदार आहात. सहकर्जदाराची जबाबदारी अर्ध्याची नसते, बँक सगळे ११ लाख तुमच्याकडून मागू शकते. ‘घटस्फोटानंतर हप्ते नवऱ्याने भरायचे’ असे तुमच्यात ठरले असले तरी बँक त्या ठरावात नव्हती, तिच्यावर ते बंधनकारक नाही. मुलांची गोष्ट वेगळी. वारस म्हणून त्यांची जबाबदारी वारशाने मिळालेल्या मालमत्तेपुरतीच. मुलीच्या पगारावर किंवा मुलाच्या नावच्या ठेवीवर वडिलांच्या कर्जासाठी कोणी हात टाकू शकत नाही. वसुलीवाला फोनवर मुलीला काही बोलला असेल तर तिला हे सांगा.

दोन हप्ते थकले आहेत. नव्वद दिवसांहून जास्त थकले की खाते अनुत्पादक ठरते. त्यानंतर बँक २००२ च्या सरफेसी कायद्याच्या कलम १३(२) खाली साठ दिवसांची नोटीस काढू शकते, आणि ती मुदत संपल्यावर ताबा. न्यायालयात दावा लावण्याचीही तिला गरज नसते. सहकारी बँक असली तरी हेच, २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केले. तेव्हा कोण किती भरणार हा वाद चालू असला तरी तिसरा हप्ता चुकू देऊ नका. तुमच्या खात्यातून, तुमच्या नावाने, बँक ट्रान्स्फरने भरा. दिरांच्या हातात रोख देऊन ‘भरा’ म्हणू नका. सहमालकाने गहाणाचे पैसे भरले तर इतर हिस्सेदारांकडून त्यांच्या वाट्याचे मागण्याचा हक्क मालमत्ता हस्तांतरण कायदा देतो. तो हक्क सिद्ध होतो पासबुकातल्या नोंदीवर.

हीच तलवार दुसऱ्या बाजूनेही चालते, म्हणून सांगून ठेवतो. २०१९ ते मृत्यूपर्यंतचे हप्ते त्यांनी एकट्याने भरले. मुलांच्या वतीने कोणी म्हणू शकते की त्यातले निम्मे तुमच्या वाट्याचे होते. त्यावर उत्तर आहे, ते एवढी वर्षे तुमच्या अर्ध्या घरात एकटे राहिले. प्रत्यक्षात दोन्ही बाजू बहुधा एकमेकींना भिडवून सोडून देतात. पण हिशोब तयार असू द्या.

‘माझ्या अर्ध्याचे कर्ज मी फेडते, माझा अर्धा सोडवा’ असे बँकेला सांगून उपयोग नाही. गहाण तुकड्यातुकड्याने सुटत नाही. सगळे फेडावे लागते, मग आपसात वळते करायचे.

त्याआधी विमा. २०१२ ची मंजुरीची चिठ्ठी काढा. त्या काळात गृहकर्जासोबत कर्जसंरक्षण विमा बरेचदा दिला जाई आणि त्याचा एकरकमी हप्ता कर्जातच मिळवलेला असे, इतका गुपचूप की कर्जदारालाही माहीत नसे. तसा असेल तर कर्ज पूर्ण किंवा बरेचसे तिथेच मिटते. बँक आपणहून सांगेलच असे नाही, लेखी विचारा. विमा सुरू होऊन तीन वर्षे उलटून गेली असतील तर ‘आजार लपवला होता’ असे म्हणत कंपनीला पॉलिसी मोडीत काढता येत नाही, विमा कायद्याचे कलम ४५. त्यांच्या बचत खात्याचा मे-जूनचा उतारा बघा. ४३६ रुपये कापलेले दिसले तर ती प्रधानमंत्री जीवनज्योती, म्हणजे दोन लाख. २० रुपये दिसले तर ती अपघाताची योजना, मृत्यू अपघाती असेल तरच उपयोग. कामाच्या ठिकाणचा भविष्यनिर्वाह निधी आणि गट विमाही विचारा. खात्यावर नॉमिनी म्हणून दिरांचे नाव निघाले तर घाबरू नका. नॉमिनी सर्वसाधारणपणे पैसे स्वीकारणारा असतो, वारशाचा क्रम त्याने बदलत नाही. काही विमा पॉलिसींमध्ये आई-वडील, जोडीदार किंवा मुले नॉमिनी असतील तर नियम वेगळा आहे. सासूबाईंचे नाव असेल तर तो कागद मला दाखवा.

बँकेला आजच एक अर्ज द्या: मृत्यूचा दाखला, तुम्ही सहकर्जदार आणि सहमालक, वारस दोन, कर्जखात्याचा पूर्ण उतारा आणि विम्याची माहिती मिळावी. फ्लोटिंग व्याजदराचे कर्ज असेल तर मुदतीआधी फेडल्याबद्दल दंड लागत नाही. मूळ कागदपत्रे बँकेत आहेत. पूर्ण फेड झाल्यावर ती तीस दिवसांत परत द्यायची असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे, आणि बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. कर्जदार वारला असेल तर कागद वारसांना कसे द्यायचे याची पद्धतही बँकेने ठरवून ठेवायची आहे. ती मागा. मोइटीमुळे तुमचे नाव पावतीवर आले पाहिजे असे लेखी कळवा, नाहीतर कागद भलत्याच्या हातात जातील.

शाखेतला माणूस स्थानिक असेल तर ठीक. फाईल मुंबईच्या कचेरीत गेली की तिथून ‘तहसीलदाराचा वारस दाखला’ मागितला जातो. आपल्याकडे चालते ते विशेष नोटरीपुढचे वारसापत्र, डीड ऑफ सक्सेशन, जे सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत होते. कायद्याची प्रत जोडून पाठवा. दोन पत्रांत समजते, तिसरे क्वचित लागते.

वारसापत्र केल्याने वारस कोण ते ठरते, वाटणी होत नाही. सगळे सज्ञान आणि एकमताचे असते तर वाटणीपत्राने काम झाले असते. इथे मुलगा अल्पवयीन आहे, दीर आडवे येत आहेत आणि कर्ज आहे. माझ्या मते सरळ दिवाणी न्यायालयात इन्व्हेंटरी घाला, म्हणजे मालमत्तेची आणि कर्जाची यादी देऊन न्यायालयामार्फत वाटणी. लोक इन्व्हेंटरीला घाबरतात, कारण आजोबांची इन्व्हेंटरी नातवाच्या लग्नापर्यंत चाललेली त्यांनी पाहिलेली असते. पण तिथे पंधरा वारस, त्यातले चार लिस्बनला आणि दोघांचा पत्ता नाही, असे असते. तुमच्याकडे एक मोइटी, दोन वारस, एक घर आणि एक कर्ज आहे.

मालमत्तेची यादी न्यायालयात देतो तो प्रशासक, ज्याला जुने वकील अजून कबेसा द कझाल म्हणतात. हयात पत्नी असती तर मान तिचा. तुम्ही घटस्फोटित आहात, त्यामुळे सज्ञान वारस म्हणून मुलीचे नाव सुचवा. यादीत कर्जही लिहायचे आणि बँकेला कळवायचे. तुमची मोइटी सुरुवातीलाच वेगळी दाखवायची. मुलाच्या बाजूने कोण उभे राहणार हे न्यायालय ठरवेल. वाटणीत तुमचा आणि त्याचा स्वार्थ एकमेकांविरुद्ध जातो, त्यामुळे तुम्ही आई असलात तरी त्याच्या वतीने तुमचीच सही चालेल असे गृहीत धरू नका. आणि त्याचा हिस्सा न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकायला काढू नका, गिऱ्हाईक कितीही चांगले असले तरी.

घर तुकडे करण्यासारखे नसेल तर लिसिटेशन होते, म्हणजे हिस्सेदार आपसात बोली लावतात. समजा घर ६० लाखांना धरले. ११ लाख कर्ज वजा जाऊन ४९ उरतात. तुमचे साडेचोवीस, मुलांचे सव्वाबारा-सव्वाबारा लाख. तुम्ही घर घेतले आणि कर्जही अंगावर घेतले तर दोघांना मिळून साडेचोवीस लाख द्यावे लागतील, ती ओवेल्टी. मुलाची रक्कम न्यायालय बहुधा बँकेत ठेवायला सांगेल. बोलीच्या दिवशी आकडा फुगतो, म्हणून आपली मर्यादा आदल्या रात्री ठरवून जा. एवढे पैसे नसतील तर घाई करू नका. तिघांच्या नावावर सामाईक ठेवून हप्ते भरत राहणे हाही मार्ग आहे, मुलगा सज्ञान झाल्यावर पर्याय वाढतात. निकाल लागला की मामलेदाराकडे म्युटेशन म्हणजे नावाचा फेरफार, पंचायतीत घरपट्टी आणि वीजजोडणीचे नाव ही कामे सरळ आहेत.

सासूबाईंना मात्र घराबाहेर काढण्याची भाषा कोणी करू नये. त्या वारस नसल्या तरी त्यांचे पालनपोषण कोणीतरी करायचेच आहे, आणि ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात हयात मुलाबरोबर सज्ञान नातवंडांवरही ती जबाबदारी येते. म्हणजे दीरही त्यात आले आणि तुमची मुलगीही.

दिरांना सासूबाईंचा हिस्सा हवाच असेल तर तो सावईवेऱ्याच्या मूळ घरात आहे. तुमच्या पत्रात ओझरते आले आहे की सासरे २००९ मध्ये वारले आणि त्यांची इन्व्हेंटरी कधी झालीच नाही. त्या मालमत्तेचा अर्धा सासूबाईंची मोइटी. उरलेला अर्धा दोन्ही मुलांत, म्हणजे प्रत्येकी पाव. तुमच्या पतीला तो पाव मिळाला २००९ मध्ये, तुमचे लग्न चालू असताना. वारशाने आलेलेही कम्युनियनमध्ये येते. त्यामुळे त्या पावातला अर्धा, म्हणजे मूळ घराचा एक अष्टमांश, तुमचा आहे आणि दुसरा अष्टमांश मुलांचा. दिरांना ही बेरीज कोणीतरी सांगितली असावी. ‘तू हे घर घे आणि मूळ घराचे नाव काढू नको’ असा प्रस्ताव आला तर तो वाईट नसेलही, पण एकाच कागदावर दोन्ही मालमत्ता मिटवू नका. मुलाचा हिस्सा दोन्हीकडे आहे आणि तो तुम्हाला परस्पर सोडता येत नाही. आधी बँकेचा अर्ज आणि घटस्फोटाच्या फायलीची प्रत, मग या घराची इन्व्हेंटरी, आणि सासऱ्यांची त्यानंतर, वेगळी.